सनदेच्या आधीचे पान

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात घर किंवा शेत विकत घेताना सगळा व्यवहार आजही एका बाडाभोवती फिरतो. त्याला तिथे ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ म्हणतात. ती जमीन कोणी कोणाला कधी विकली, कोणाच्या मृत्यूनंतर कोणाकडे वारसाने आली, कोणत्या बँकेकडे गहाण पडली आणि कधी सुटली, याची ती क्रमवार जंत्री असते. इतर राज्यांत मालकीहक्काचा विमा उतरवून मोकळे होण्याची रीत आहे. आयोवाच्या कायद्याने विमा कंपन्यांना असा विमा राज्यात विकायला मनाई केली असल्यामुळे तिथला वकील हे बाड वाचून आपले मत देतो. जुन्या, पूर्ण राहिलेल्या बाडाच्या पहिल्या पानावर बहुधा एकच नोंद असते: देणार अमेरिकेचे सरकार, घेणार अमुक एक माणूस, साल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे. त्या सनदेच्या आधी काहीही नसते. कायद्याच्या लेखी जमिनीचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

प्रेअरीच्या गवताळ मुलखात प्रथम वस्ती करणाऱ्या कुटुंबांचे इतिहासही नेमके तिथूनच सुरू होतात, आणि माझा आक्षेप या आरंभबिंदूला आहे. घरच्या घरी, नातवंडांसाठी लिहिलेला इतिहास कुठून सुरू करावा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ज्या इतिहासाच्या आधारावर राज्य सरकार जाहीर सन्मान करते, वंशावळ-संस्था प्रमाणपत्रे देतात आणि राजकारणी ‘आमच्या पूर्वजांनी कोणाकडे हात पसरला नाही’ असे सांगत धोरणे ठरवतात, तो इतिहास खासगी राहत नाही. त्यात सनदेच्या आधीचे पान असलेच पाहिजे. ही जमीन सरकारकडे कोणाकडून, कोणत्या तहाने, कोणत्या किमतीला आणि कशा परिस्थितीत आली, हे त्या विशिष्ट जमिनीपुरते नेमके लिहिलेले असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आधी या कुटुंबेतिहासांच्या गुणांबद्दल बोलले पाहिजे, कारण त्यामागचे कष्ट थट्टेवारी नेण्यासारखे नाहीत. अमेरिकेच्या शिरगणतीत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव पहिल्यांदा लिहिले गेले ते १८५० साली. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांची वयोगटांनुसार संख्या असे. १८९० च्या शिरगणतीची जवळजवळ सगळी कागदपत्रे १९२१ साली वॉशिंग्टनमधल्या आगीत गेली, त्यामुळे १८८० ते १९०० ही वीस वर्षे म्हणजे वंशावळ शोधणाऱ्यांच्या वाटेतला मोठा खड्डा आहे. आयोवाकडे मात्र राज्याच्या स्वतःच्या शिरगणत्या आहेत. १८५६ सालच्या शिरगणतीत माणूस राज्यात किती वर्षे राहतो आहे हे विचारले होते, आणि १९२५ सालच्या शिरगणतीत आईवडिलांची नावे, अगदी आईच्या माहेरच्या नावासकट, नोंदवली आहेत. कुठल्या तरी पणजीचे माहेर कळावे म्हणून महिनोन्‌महिने चर्चची दप्तरे आणि कबरस्ताने धुंडाळणाऱ्या माणसाला ही १९२५ ची ओळ सापडते, तेव्हा त्याला काय वाटत असेल याची कल्पना आपणही करू शकतो. या शोधात चिकाटी आहे, पुराव्याची कदर आहे, आणि म्हणूनच अपेक्षाही जास्त ठेवावी लागते.

याच साधनांत एक साधन मात्र फार जपून वापरायला हवे. १८७० च्या दशकापासून पुढे प्रेअरीवरच्या जवळजवळ प्रत्येक काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, जाडजूड इतिहास छापला गेला. प्रकाशकांचे प्रतिनिधी शेताशेतांवर फिरून आगाऊ वर्गणी गोळा करीत, आणि वर्गणीदारांच्या चरित्रांना त्यात मानाची जागा मिळे. चरित्राचा मजकूर बहुतेक वेळा त्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनीच सांगितलेला असे. साहजिकच या ग्रंथांत सगळेच उद्योगी, निर्व्यसनी आणि आपल्या हिमतीवर वर आलेले आहेत. कर्जात बुडालेला, पहिल्याच हिवाळ्यात कंटाळून माघारी गेलेला किंवा दुसऱ्याच्या शेतावर राबून मेलेला माणूस त्यात सापडणे कठीण. मूळ रहिवाशांना पहिल्या एकदोन प्रकरणांत, भूस्तर आणि वन्य प्राणी यांच्या शेजारी, जागा दिलेली असते. मग ‘पहिले वसाहतकार’ हे प्रकरण येते आणि त्यानंतर ती माणसे पुस्तकातून नाहीशी होतात. आजचे शेकडो कुटुंबेतिहास या ग्रंथांतली वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेत आले आहेत.

वसाहतकारांचे हाल मात्र कोणी रचून सांगितलेले नाहीत. उंच गवताच्या प्रेअरीची जमीन मुळांनी इतकी घट्ट विणलेली असे, की ती पहिल्यांदा फोडायला अवजड नांगर आणि बैलांच्या चार-सहा जोड्या लागत. साध्या बिडाच्या फाळाला ही काळी माती चिकटून बसे. इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर या गावी जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ साली पोलादी फाळाचा नांगर केला, तो या अडचणीवरचा उतारा होता. ज्याच्याकडे बैल नसत तो एकरी दोन-तीन डॉलर देऊन भाड्याने नांगरट करून घेई, म्हणजे सरकारकडून जमीन घ्यायला जेवढे पैसे पडत त्याहून ती फोडायलाच जास्त लागत. पहिल्या वर्षी उलटलेल्या ढेकळांत कुऱ्हाडीने खाच पाडून मका टोचायचा आणि जे येईल ते घ्यायचे. ओढ्याकाठच्या दलदलीमुळे हिवताप पाचवीला पुजलेला. शरद ऋतूत वाळलेल्या गवताला वणवा लागला की घराभोवती आधीच नांगरून ठेवलेला पट्टा हाच काय तो आधार. त्या काळच्या कबरस्तानांत लहान मुलांच्या कबरी किती आहेत ते पाहिले, की या लोकांना ‘लुटारू’ म्हणून निकालात काढणाऱ्यांचाही मला राग येतो.

आता सनदेच्या आधीचे पान. आयोवाची जमीन अमेरिकेच्या सरकारकडे एका फटक्यात आली नाही. ती पट्ट्यापट्ट्याने आली. १८०४ साली सेंट लुईस इथे विल्यम हेन्री हॅरिसन या गव्हर्नरने सॉक आणि मेस्कवाकी या जमातींच्या मूठभर माणसांकडून एका तहावर खुणा करवून घेतल्या. त्या माणसांना जमीन देण्याचा अधिकार जमातीने दिलेला नव्हता, तरी मिसिसिपीच्या पूर्वेकडचा प्रचंड मुलूख दरसाल हजार डॉलरच्या वर्षासनावर गेला. त्याच तहाच्या आधारे पुढे लोकांना इलिनॉयमधल्या आपल्या गावांतून आणि शेतांतून हाकलले, तेव्हा ब्लॅक हॉक हा म्हातारा सॉक नेता १८३२ च्या वसंतात बायकामुलांसह नदी ओलांडून परत आला. त्या उन्हाळ्याचा शेवट २ ऑगस्टला बॅड ॲक्स नदीच्या मुखाशी झाला. मिसिसिपी पार करू पाहणाऱ्या माणसांवर काठावरून आणि नदीतल्या आगबोटीवरून गोळ्या घातल्या गेल्या, आणि मेलेल्यांत बायका व मुलेही होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात झालेल्या तहाने मिसिसिपीच्या पश्चिम काठचा सुमारे ६० लाख एकरांचा पट्टा सरकारने घेतला. मोबदला दरसाल २० हजार डॉलर, तोही तीस वर्षे, आणि वर व्यापाऱ्यांची ४० हजार डॉलरची देणी. हिशेब केला तर एकरी दहा-अकरा सेंट पडतात. हीच जमीन सरकारने वसाहतकारांना एकरी सव्वा डॉलर या किमान दराने विकली.

यानंतर १८३६ आणि १८३७ चे छोटे तह झाले, आणि मग ११ ऑक्टोबर १८४२ चा मोठा तह. त्याने राज्याचा मधला सगळा भाग गेला. किंमत ठरली ८ लाख डॉलर, पण ती हातात द्यायची नव्हती. ती रक्कम सरकारकडेच राहून तिच्यावर दरसाल पाच टक्के व्याज मिळायचे होते. शिवाय व्यापाऱ्यांची अडीच लाखांहून अधिक डॉलरची उधारी सरकार परस्पर भागवणार होते. ही उधारी तहाच्या मसलतीत निर्णायक ठरे. दुकानदाराकडे खाते वाढू द्यायचे, आणि मग ते फेडायला जमीन हाच मार्ग आहे असे वडीलधाऱ्यांना पटवायचे. ज्यांनी उधारी दिली तेच बहुधा तहाच्या बैठकीत सल्लागार आणि साक्षीदार म्हणून बसलेले असत. तहाप्रमाणे पूर्वेकडचा भाग १ मे १८४३ ला आणि तहात ठरलेल्या ‘रेड रॉक’ या उत्तर-दक्षिण रेषेच्या पश्चिमेकडचा भाग ११ ऑक्टोबर १८४५ ला मोकळा व्हायचा होता. दोन्ही वेळी सीमेवर गाड्या, बैल आणि मशाली घेऊन माणसे तयार उभी होती. मध्यरात्रीचे ठोके पडल्याची खूण म्हणून बंदुका उडाल्या आणि काळोखातच झाडांच्या सालीवर खाचा पाडून हद्दी आखल्या गेल्या. डे मॉइन आणि रॅकून या नद्यांच्या संगमावर १८४३ साली उभारलेल्या छावणीतल्या सैनिकांचे एक काम मुदतीपूर्वी घुसणाऱ्या गोऱ्यांना अडवण्याचे होते. मुदत संपल्यावर, उरलेल्या मूळ रहिवाशांना कॅन्ससकडे पोचवण्याचे काम त्यांच्याच गळ्यात पडले. काउंटीच्या इतिहासग्रंथांतून ती रात्र मोठ्या हौसेने रंगवलेली सापडते, पण सकाळी निघून जाणाऱ्यांच्या बाजूने ती क्वचितच सांगितलेली असते. काउंट्यांना नावे मात्र त्यांचीच दिली: कीओकक, वॅपेलो, पोवेशीक, ॲपनूस, ब्लॅक हॉक.

हे सारे सांगितल्यावर नेहमीचा प्रश्न येतो, की हा तर देशाचा इतिहास झाला, एका कुटुंबाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध त्या कागदांतच आहे. आयोवातली बरीच जमीन लष्करी सेवेबद्दल मिळालेल्या जमीन-हुंड्यांवर, म्हणजे ठरावीक एकर सरकारी जमिनीचा हक्क देणाऱ्या कागदांवर, गेली. १८५० च्या कायद्याने १७९० पासून ‘इंडियन’ युद्धांत भाग घेतलेल्या सैनिकांनाही या हुंड्या मिळू लागल्या. १८३२ साली ब्लॅक हॉकविरुद्धच्या मोहिमेत काही आठवडे स्वयंसेवक म्हणून असलेल्या इलिनॉयच्या एका तरुणालाही ४० एकरांची हुंडी मिळाली आणि ती त्याने १८५४ साली आयोवाच्या टेमा काउंटीत वापरली. पुढे दुसऱ्या हुंडीवर क्रॉफर्ड काउंटीत १२० एकर घेतले. त्याचे नाव अब्राहम लिंकन. त्याच्या हातून त्या मोहिमेत कोणाचा जीव गेला नाही, तो त्या जमिनीवर कधी राहिलाही नाही, आणि त्याने गैर असे काही केलेही नाही. तरीही त्या ४० एकरांच्या मालकीचा इतिहास १८३२ च्या उन्हाळ्याला टाळून लिहिताच येत नाही. असंख्य कुटुंबांच्या बाडात अशीच एखादी हुंडी असते. पूर्वजाच्या लष्करी सेवेचा दाखला कुटुंबेतिहासात अभिमानाने लावलेला असतो, जमिनीची सनदही लावलेली असते. या दोन कागदांमधला दुवा सांगणारे वाक्य तेवढे लिहायचे राहून जाते.

लिंकननेच राष्ट्राध्यक्ष म्हणून २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. त्याने कुटुंबप्रमुखाला किंवा एकवीस वर्षांच्या व्यक्तीला, एकट्या बाईलासुद्धा, १६० एकर जमीन नाममात्र फी भरून मिळू लागली. अट एवढीच, की पाच वर्षे तिथे राहून ती कसायची आणि दोन साक्षीदारांकरवी ते सिद्ध करायचे. या कायद्याखाली पुढच्या शतकाभरात सुमारे १६ लाख सनदा निघाल्या आणि २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. ट्रिना विल्यम्स शँक्स या अभ्यासक बाईंनी २००० साली अंदाज मांडला होता, की तेव्हाच्या प्रौढ अमेरिकनांपैकी सुमारे ४ कोटी ६० लाख लोक या लाभार्थींचे वंशज असावेत. आता या लाभार्थींना ‘कोणाची मदत न घेता उभे राहिलेले’ म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणावे, पण मग जमीन मोजून चौकोन आखणारे सरकारी मोजणीदार, तह करणारे आयुक्त, छावणीतले सैन्य आणि सरकारने जमिनी देऊन उभे केलेले रेल्वेमार्ग यांना काय म्हणायचे तेही सांगावे. मेहनत त्या कुटुंबाची होती यात शंका नाही, पण भांडवल सरकारने दिले होते आणि ते सरकारने दुसऱ्यांकडून घेतले होते. शिवाय या मदतीच्या रांगेत उभे राहण्याची मुभाही सगळ्यांना नव्हती. आयोवाच्या विधिमंडळाने १८५१ साली स्वतंत्र कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन राहण्यास बंदी करणारा कायदा केला होता. तो फारसा अमलात आला नाही, हे खरे. पण घरदार मोडून निघालेल्या माणसाला असा कायदा कागदावर असणेच पुरेसे असते.

राज्याचा सन्मान कसा होतो तेही पाहू. अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९७६ साली, आयोवाच्या कृषी खात्याने शेतकरी संघटनेच्या साहाय्याने ‘सेंच्युरी फार्म’ हा सन्मान सुरू केला. किमान ४० एकर जमीन सलग शंभर वर्षे एकाच घराण्याकडे असल्याचे कागदोपत्री सिद्ध केले, की ऑगस्टातल्या राज्यस्तरीय जत्रेत त्या कुटुंबाचा जाहीर गौरव होतो. २००६ पासून दीडशे वर्षे पूर्ण करणाऱ्यांसाठी ‘हेरिटेज फार्म’ हा वेगळा सन्मान आहे. तीन-चार पिढ्या मंचावर उभ्या राहतात, फोटो निघतो. मंदी, महायुद्धे आणि १९८० च्या दशकातला कर्जबाजारीपणा यांतून जमीन टिकवणे ही खरोखरच कर्तबगारी आहे, आणि हा सन्मान बंद करा असे मी म्हणणार नाही. पण दीडशे वर्षे मागे गेले, की सनद काढणारा माणूस आणि तहावर खूण करणारा माणूस यांच्यात जेमतेम दहा-वीस वर्षे उरतात. इतक्या मागे जाऊन शेवटच्या पावलाला थांबायचे, याला पुराव्याचा अभाव हे कारण देता येत नाही.

पुरावा नाही, ‘त्या लोकांनी’ काही लिहून ठेवले नाही, असे जे म्हणतात त्यांनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातला एक नकाशा पाहावा. ज्यांच्यावरून राज्याला नाव मिळाले त्या आयोवे लोकांचा ‘नो हार्ट’ या इंग्रजी नावाने ओळखला जाणारा नेता ऑक्टोबर १८३७ मध्ये वॉशिंग्टनच्या बैठकीत तो घेऊन गेला होता. कागदावर मिसिसिपी आणि मिसुरी या नद्या आणि त्यांच्या उपनद्या शाईने काढल्या आहेत, जुन्या गावांच्या जागी वर्तुळे आहेत आणि एका गावाहून दुसऱ्या गावी लोक कसे सरकत गेले ते तुटक रेषेने दाखवले आहे. दोनशेहून अधिक वर्षांचा तो प्रवास आहे. सॉक आणि मेस्कवाकी ज्या जमिनीवर हक्क सांगत होते तिच्यावर आमचे वाडवडील राहिले, इथे त्यांची गावे होती, हे सांगण्यासाठी तो नकाशा होता. कीओकक या सॉक नेत्याने उलट जिंकल्याचा हक्क पुढे केला, आणि सरकारने आयोवेंचे म्हणणे बाजूला सारले. पुढच्याच वर्षी त्यांना तिथला उरलासुरला दावा सोडावा लागला. घराणे कुठून आले, कुठे राहिले, कुठे गेले हे सांगून जमिनीवरचा हक्क सिद्ध करायचा, हेच तर प्रत्येक प्रेअरी-कुटुंबाचा इतिहास करतो. तो नकाशा हा या मुलखातल्या सर्वांत जुन्या कुटुंबेतिहासांपैकी एक आहे, आणि तो वंशावळ-संस्थांच्या प्रशिक्षणवर्गांत पहिल्या दिवशी दाखवायला हवा.

दुसरा पुरावा टेमा काउंटीतला. कॅन्ससला धाडलेल्यांपैकी काही मेस्कवाकी कुटुंबे परत येत राहिली, काही गेलीच नव्हती. १८५६ साली आयोवाच्या विधिमंडळाने त्यांना राहण्याची परवानगी दिली आणि १८५७ साली त्यांनी आयोवा नदीकाठची ८० एकर जमीन हजार डॉलरना विकत घेतली. म्हणजे एकरी साडेबारा डॉलर, सरकारच्या किमान दराच्या दहापट, आणि तीही काही वर्षांपूर्वी आपल्याच असलेल्या मुलखात. खरेदीखत मात्र त्यांच्या नावावर होऊ शकले नाही; गव्हर्नरला विश्वस्त करून त्याच्या नावाने ते केले गेले. पुढे तुकड्या-तुकड्याने विकत घेत त्यांनी ही जमीन आज ८ हजार एकरांच्या वर नेली आहे आणि तिथे त्यांची वसाहत नांदती आहे. हे सारे दस्तऐवज त्याच काउंटीच्या त्याच कार्यालयात, जर्मन आणि नॉर्वेजियन कुटुंबांच्या दस्तांशेजारी पडून आहेत. ‘ते लोक नाहीसे झाले’ हे वाक्य टेमा काउंटीच्या कुटुंबेतिहासात लिहिणाऱ्याने शेजारच्या फायलीत डोकावले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा वंशजांच्या अपराधाचा आहे. पणजोबांच्या कृत्याबद्दल पणतूला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करता? त्यात हे पणजोबाही कित्येकदा स्वतः उखडले गेलेले. १८४७ साली हेंड्रिक स्कोल्टे याच्याबरोबर येऊन पेला हे गाव वसवणारे डच आपल्या देशात धर्ममतांसाठी छळले गेले होते; डॅव्हनपोर्टचे श्लेस्विग-होल्स्टाइनकर फसलेल्या उठावानंतर आले; आयरिश लोक दुष्काळातून आले. १८४३ ची ती सीमेवरची रात्र त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊकही नसेल. हे सगळे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी अपराधाची भाषा वापरत नाही. पण श्रेय आणि दोष यांना दोन वेगळी मापे लावता येत नाहीत. पणजोबांच्या घामाचा वारसा अभिमानाने मिरवायचा, त्यांच्या नावे प्रमाणपत्र भिंतीवर लावायचे, त्यांची जमीन कसायची, आणि जमीन कुठून आली असे विचारताच ‘तेव्हा मी जन्मलोही नव्हतो’ म्हणायचे, हे तर्कात बसत नाही. जन्म झाला नव्हता हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

दुसऱ्या टोकाला, अलीकडे सभा-समारंभांच्या सुरुवातीला ‘आपण अमुक लोकांच्या भूमीवर आहोत’ असे निवेदन वाचण्याची पद्धत पडली आहे, तीही मला समाधानकारक वाटत नाही. ते निवेदन इतके सर्वसाधारण असते, की त्याने कोणाचेच काही बिघडत नाही आणि कोणाला काही कळतही नाही. त्यापेक्षा रॉबर्ट ली आणि ट्रिस्टन आटोन यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेले काम किती तरी उपयोगी आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने विद्यापीठांना दिलेल्या सुमारे १ कोटी ७ लाख एकर जमिनीचा तुकडान्‌तुकडा त्यांनी शोधला, आणि प्रत्येक तुकडा कोणत्या जमातीकडून, कोणत्या तहाने किंवा तहाविना, किती पैशांना आला आणि विद्यापीठाने तो विकून किती मिळवले ते मांडले. हा कायदा सर्वांत आधी स्वीकारणारे राज्य आयोवा होते. तिथल्या एम्स गावच्या विद्यापीठाला त्यातून २ लाखांहून अधिक एकर मिळाले. भावनिक निवेदनापेक्षा हा हिशेब कोरडा आहे खरा, पण तो तपासता येतो, त्यात चूक काढता येते आणि ती दुरुस्त करता येते. कुटुंबेतिहासाला मला याच जातीची भर हवी आहे.

हा विषय मराठी वाचकाला अगदी परका नाही. एम्सच्या त्या विद्यापीठात शिकलेली, डे मॉइनच्या विमा कंपन्यांत किंवा शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत नोकऱ्या करणारी मराठी माणसे मक्याच्या शेतांवर उठलेल्या वसाहतींत राहतात. आयोवात घर घेतलेल्यांनी ते बाड निदान हाताळले तरी आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. परतल्यावर १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात त्यांनी त्या देशाची मनापासून स्तुती केली, पण मूळ रहिवाशांशी गोऱ्यांनी केलेल्या वर्तनावर टीका करायलाही त्या चुकल्या नाहीत. आणि कुलवृत्तांताची आपली परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा पेच लगेच उमजेल. मूळपुरुषाला गाव इनाम मिळाले हे त्यात साल-तारखेनिशी असते. इनाम मिळाले त्या दिवशी त्या गावात कोण नांदत आणि कसत होते, हे शोधायला दुसरे दप्तर उघडावे लागते.

राहिला प्रश्न व्यवहाराचा. प्रत्येक शेतकरी कुटुंबाने इतिहाससंशोधक व्हावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही, आणि तशी गरजही नाही. चार्ल्स रॉइस याने केलेले, १८९९ साल घातलेले, सरकारी जमीन-संपादनाचे कोष्टक आणि नकाशे आता सहज पाहता येतात. त्यात प्रत्येक तहाने आलेल्या प्रदेशाला क्रमांक दिला आहे. १७८५ च्या अध्यादेशापासून ही सगळी जमीन सहा मैलांच्या टाउनशिप आणि ६४० एकरांचे सेक्शन अशा चौकोनांत मोजलेली असल्यामुळे सनदेवरचा सेक्शन क्रमांक घेऊन रॉइसच्या नकाशावर बोट ठेवायला तासभरही लागत नाही. तहांचे मजकूर छापलेले आहेत, मोबदल्याचे आकडे त्यातच आहेत. ‘सेंच्युरी फार्म’च्या अर्जात पहिल्या खरेदीची तारीख आणि पहिल्या मालकाचे नाव विचारतातच, त्याच्या वर एक रकाना वाढवावा आणि कृषी खात्यानेच तो भरून द्यावा, म्हणजे अर्जदारावर बोजा नको आणि पळवाटही नको. वंशावळ-संस्थांनी प्रमाणपत्रासाठी मागवायच्या कागदांत तहाचा क्रमांक जोडावा.

एकाच जमिनीवर आयोवे, सॉक, मेस्कवाकी अशा दोन-तीन जमातींचा दावा असेल तर कोणाचे नाव घालायचे, ही शंका रास्त आहे. उत्तर असे, की सरकारने ज्यांच्या ज्यांच्याकडून दावा सोडवून घेतला त्या सगळ्यांची, तहाच्या वर्षासह. आज त्या जमातींची सरकारे आहेत, त्यांची स्वतःची इतिहास-कार्यालये आहेत. नोंदीचा मसुदा त्यांच्याकडे तपासायला पाठवावा, आणि ती सुचवतील तो बदल, अर्जदार घराण्याला रुचो वा न रुचो, नोंदीत घ्यावा. कोणाची जमीन या नोंदीमुळे जाणार नाही, कारण मालकीहक्काला ती कुठेच स्पर्श करत नाही. तरीही या एका रकान्याला विरोध होईल, आणि तो करणारे लोक तो का करतात हे सांगताना त्यांना आपल्या घराण्याचा इतिहास नेमका कशासाठी हवा आहे, हेही सांगावे लागेल.